कागदोपत्री आलबेल

वर्षअखेर आली, की शाखाधिकाऱ्यांचं डोकं सकाळपासूनच भणभणायला लागे. यंदा तर बढती तोंडावर होती आणि पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखानदाराचं कर्ज थकीत व्हायच्या बेतात होतं. त्यांनी नेहमीचाच तोडगा काढला. नवं कर्ज द्यायचं आणि त्यातूनच जुने हप्ते वळते करून घ्यायचे. कागदोपत्री सगळं आलबेल! गेली दोन वर्षं हेच चाललं होतं. या वेळी मात्र तारणाला कारखानदाराचं राहतं घर लागणार होतं.

कारखानदार समोर येऊन बसला. डोळे तारवटलेले.

"साहेब, सही कुठे करू तेवढं सांगा. बाकी काही विचारायचं त्राण नाही उरलं."

कर्ज विभागातल्या मॅडम फाईल घेऊन उभ्या होत्या. साहेबांहून वयाने मोठ्या, बोलायला फटकळ. त्यांनी फाईल पुढे केलीच नाही.

"साहेब, व्याजदर वाढला, यांचा हप्ता फुगला. गिऱ्हाइकं पैसे अडकवून बसलीत. त्यात नवं कर्ज काय दिवे लावणार? आजारी माणसाला पावडर लावून फोटो काढला, म्हणून ताप उतरतो का?"

"मॅडम, शाखेचं नाव खराब होईल."

"आणि यांचं घर गेलं म्हणजे?"

कारखानदार खाली बघत म्हणाला, "घरी काहीच सांगितलेलं नाही. आई म्हणते, बँक एवढं देतेय म्हणजे धंदा बरा चाललाय."

अरेरे! ते शब्द साहेबांच्या जिव्हारी लागले. आपण याला सावरत नव्हतो, आणखी खोलात ढकलत होतो!

"मॅडम, खातं थकीत दाखवा," ते म्हणाले. मग कारखानदाराकडे वळले. "काम नसल्याने पडून असलेलं दुसरं मशीन विका, उधारी वसूल करायच्या मागे लागा. हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का ते मी बघतो. घर गहाण टाकायचं नाही."

"आणि तुमची बढती?" मॅडमनी विचारलं.

"गेली तेल लावत!"

बढती खरंच गेली. कारखाना एका मशीनवर कसाबसा तग धरून राहिला. कारखानदाराने घरी सगळं सांगितलं, तेव्हा आई रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "आधीच का नाही बोललास रे?"

वाचकहो, बँकेतला पैसा तुमच्या-आमच्या घामाचा असतो. कर्ज बुडतंय हे वेळेवर कबूल केलं, तर पैसाही वाचतो आणि माणूसही. म्हणून त्या आईचा प्रश्न कर्ज घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही स्वतःला विचारायला हवा.