सातवं नाव

युद्धात गेलेल्या हवाई सैनिकांसाठी चर्चच्या डाव्या अंगाला एक छोटं चॅपेल बांधलं होतं. तिथल्या काळ्या दगडावर एकाच विमानातल्या सहा जणांची नावं होती. सातवं कोरायला पाथरवट बाई सकाळीच आली. अक्षरं आखून तिने छिन्नी उचलली, तोच एक म्हातारा काठी टेकत आला आणि दगडाला पाठ लावून खाली बसला.

"मी मेल्यावर कोरा."

बाईने छिन्नी खाली केली. सहावं नाव म्हाताऱ्याच्या थोरल्या भावाचं होतं. विमान तळ्यात कोसळलं तेव्हा सहा प्रेतं वर आली, वैमानिकाचं आलं नाही. सगळ्यांना वाऱ्यावर सोडून त्याने आधीच उडी मारली, अशी आवई उठली. म्हाताऱ्याने ती साठ वर्षं विझू दिली नाही. यंदा तळं आटलं आणि विमान सापडलं, आत हाडंही.

वैमानिकाची मुलगी मागच्या बाकावरून उठून आली. साठी उलटलेली, पण चाल ताठ. फादर बाहेर गेलेले. मध्ये पडायला कुणी नव्हतं.

"काका, उठा."

"हाडं कुणाचीही असतील."

"बाबांच्याच खुर्चीत होती. पट्टा आवळलेला होता. उडी मारणारा माणूस पट्टा बांधून बसतो का?"

म्हातारा काठीची मूठ चोळत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या आईला मी भर दुकानात पळपुट्याची बायको म्हणालो होतो."

"माहीत आहे. मी तिचं बोट धरून उभी होते."

आता कुणाचा तरी हात उठणार, असं बाईला वाटलं. उठला तो म्हाताऱ्याचा, आधार मागायला. मुलीने तो धरला नाही. शेवटी बाईनेच त्याला बखोटीला धरून उभं केलं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," मुलगी म्हणाली.

"कुठल्या तोंडाने मागू?"

त्याच्या कोटाने आखणी पुसली गेली होती. बाईने ती पुन्हा आखली. पहिला घाव पडला तसा म्हातारा दचकला, पण गेला नाही. तो एका बाकावर बसला, मुलगी दुसऱ्यावर. शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत दोघंही हलली नाहीत.