गार हाताची रांग

रांग गिरणीच्या भिंतीला वळसा घालून पार मागे गेली होती. पुढून एक म्हातारा घामाने निथळत, पण आपल्या पायांनी चालत बाहेर आला आणि लोक एकमेकांना सांगू लागले, "बघा, मघाशी उचलून आणला होता." गारहात महाराजांनी कपाळावर हात ठेवला की हिवताप पळतो, ही बातमी घरोघर पोचली होती.

शिंपीण तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा नवरा गवंडी. महाराजांनी त्याचा ताप उतरवला, पण एक दिवस सोडून तो परत आला. पुन्हा उतरवला, पुन्हा आला. "श्रद्धा कच्ची तुमची," महाराज म्हणाले. "आणि दवाखान्याची गोळी घेतलीत तर ताप उलटून घरातल्या लहानावर जाईल, सांगून ठेवतो." गवंडी अंथरुणाला खिळला तशी त्याच्या जागी कामावर दुसरा लागला. शिलाई मशीन विकावं लागलं. बापापाशी बसायला म्हणून लेकीची शाळा सुटली. शेवटी न राहवून शिंपिणीने नवऱ्याला चोरून एक गोळी दिली, आणि आज लेक तापली होती. आपल्याच हाताने पोरीवर संकट ओढवलं, असं तिला वाटत होतं.

चेला कपाळं चाचपत रांगेतून फिरत होता. एक बाई हुडहुडत होती. "अजून ताप पिकला नाही. मागे सावलीत बसा," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने तीच बाई घामाने चिंब झाली, तेव्हा त्याने तिला पुढे घेतलं. गिरणीच्या दारावरचा पडदा हलला. महाराजांचा उजवा हात बर्फाच्या घमेल्यात बुडालेला शिंपिणीला दिसला. बाई बाहेर आली ती हात जोडतच. "उतरला हो."

शिंपीण विचारात पडली. घाम तर हात लागण्याआधीच आला होता. घरीही नवऱ्याचं तेच व्हायचं. आधी थंडी, मग अंगाची आग, मग घाम, की ताप खाली. तिथे कुठे होते महाराज?

तेवढ्यात लेकीचे डोळे फिरले. "आई इथेच आहे गं," ती म्हणाली, पण पोर तिला ओळखेना. चेल्याने कपाळ चाचपलं. कोरडं, रखरखीत. "मागे न्या हिला."

"घाम आल्यावरच हात ठेवायचा, तर महाराज उतरवतात काय?"

"तोंड सांभाळा, बाई. रांग सोडलीत तर पोर हातची जाईल."

तरी तिने लेकीला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टरीणबाईंनी बोटातून रक्त घेऊन तपासलं, लगेच सुई दिली. "ताप मेंदूत चढत होता. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं."

"मी नवऱ्याला गोळी दिली, म्हणून हिला..." शिंपीण म्हणाली.

"अहो, डास तुमच्या नवऱ्याला चावला आणि मग हिला. गोळ्यांनी दोष नाही आणला. पुरत्या घेतल्या असत्या, तर डासाला न्यायला त्यांच्या रक्तात काही उरलंच नसतं."

शिंपीण भिंतीला टेकली आणि पदरात तोंड घालून रडली.

लेकीने आईला ओळखलं, पाणी मागितलं. गवंड्याचंही औषध सुरू झालं. मग एका सकाळी शिंपीण गिरणीपाशी गेली. रांगेतल्या एकेकासमोर बसून ती सांगू लागली, "चेला कुणाला पुढे घेतो ते बघा. ज्याचा ताप आपणहून उतरतोय, त्यालाच." काहींनी तिला शिव्या घातल्या. चेल्याने धक्का मारला. पण एक बाप आपल्या हुडहुडणाऱ्या मुलाला उचलून उठला. "दवाखाना कुठे आहे, ताई?"

ती त्याच्यासोबत चालू लागली. मागून आणखी तिघं-चौघं आली.

हिवताप उतरला म्हणजे गेला, असं नसतं. तो रक्तात दबा धरून बसतो. त्याला हुडकायला कुणाचा गार हात लागत नाही, रक्ताचा एक थेंब पुरतो. तेवढा वेळेवर द्या.