हातानं चालणारी गाडी

एकाहत्तराव्या दिवशी विमा कंपनीतल्या तरुण कारकुनानं तिसऱ्यांदा तेच ऐकवलं, "आधी इथला नंबर आणा, मग विमा." तिथून दोन चौक पुढे, वाहन नोंदणीच्या खिडकीपलीकडचा माणूस मान वर न करता म्हणाला, "आधी विम्याचा कागद आणा, मग नंबर."

तिनं कुबडी भिंतीला टेकवली आणि ती चक्क हसली. दुसरं काही सुचेना.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची नोकरी मिळाली म्हणून ती आईला घेऊन या देशात आली होती. लोक येताना गाडी विकून येतात. तिनं आपली जुनी गाडी जहाजातून आणवली. लहानपणीच्या आजारानं तिचा उजवा पाय लुळा पडला होता आणि ही गाडी हातानं चालायची. स्टिअरिंगखाली डाव्या बाजूला एक दांडा होता, पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. पंधरा वर्षांपूर्वी गावाकडच्या मिस्त्रीकाकांनी तो बसवून दिला होता. परदेशी नंबरावर गाडी इथं नव्वद दिवस चालायची, जुना विमाही तेवढेच दिवस. नंतर ती रस्त्यावर दिसली तर उचलून नेणार, हे पहिल्याच दिवशी हातात दिलेल्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं.

तिला एका जागी बसवेना. कागदांची फाइल ती दिवसातून चारदा लावायची, पुन्हा विसकटायची. कामावर एकच काच तीनतीनदा सूक्ष्मदर्शकाखाली घालायची. घरी आली की खिडकीत उभी राहून खाली गाडी आहे ना बघायची.

"किती येरझाऱ्या घालशील?" आई म्हणायची. "पायाला जरा विसावा दे. गाडीला काय पाय फुटणारेत?"

चौथ्यांदा विमा कंपनीत गेली तेव्हा तरुण कारकून रजेवर होता. त्याच्या जागी बसलेल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "नंबर नसला तरी चॅसीवर, म्हणजे सांगाड्यावर, क्रमांक कोरलेला असतो ना? त्यावर महिन्याभराचा तात्पुरता विमा देतो आम्ही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"कुणी विचारलं नसेल," ते शांतपणे म्हणाले आणि अर्ज काढला.

तो कागद नोंदणीच्या खिडकीत दाखवल्यावर गाडीच्या तपासणीची तारीख मिळाली, अठ्ठ्याहत्तरावा दिवस. तपासनीस उंच, निळा डगला घातलेल्या एक बाई होत्या. दिवे झाले, टायर झाले, धूर झाला. मग त्या दाराशी वाकल्या आणि दांडा दिसताच तशाच थांबल्या.

"हे गाडीच्या कंपनीनं बसवलंय?"

"नाही. आमच्याकडच्या एका मिस्त्रींनी."

"त्यांचा दाखला?"

फाइलमध्ये वहीचा एक चुरगळलेला कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'ताईंची गाडी, हाताचं काम पूर्ण.' बाईंनी तो उलटसुलट बघितला. "कशाचं आहे, कसं बसवलंय, याचं सही केलेलं आरेखन लागेल. नाहीतर हे काढून टाका."

"काढलं तर गाडी चालवू कशानं?"

बाईंनी पुढची तारीख लिहून दिली. दहा दिवसांनंतरची.

त्याच संध्याकाळी तिनं मिस्त्रीकाकांना फोन लावला.

"आरेखन?" ते हसले. "ताई, मी आयुष्यात रेघ मारली ती पत्र्यावर, खडूनं."

"मी इथून काढून पाठवते. तुम्ही फक्त सही करा."

"सही नको."

"का?"

"परक्या देशाचं सरकार. उद्या काही झालं तर कागदावर नाव माझं. मी सातवीत शाळा सोडली. कशावर सही करतोय तेसुद्धा मला त्यांच्या भाषेत वाचता यायचं नाही."

तिचा तोल गेला. "पंधरा वर्षं माझा जीव तुमच्या त्या दांड्यावर आहे, आणि तुम्हाला एक सही जड जाते?"

फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी उचलला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिला आपलीच लाज वाटायला लागली. दांडा बसवायच्या आधी त्यांनी तिच्या हाताचं माप तीनदा घेतलं होतं. ती शिकत होती तेव्हा तीन रविवार शेजारी बसून होते, हात हँडब्रेकवर ठेवून, एक शब्द न बोलता. हे सगळं तिला आठवत होतं, पण फोनवर म्हणायचं काय ते जुळत नव्हतं.

शेवटी आईनं स्वतःच्या फोनवरून त्यांना गाठलं. "मिस्त्री, रागावली ती पोरगी, मी नाही. नऊ वर्षांची होईपर्यंत हिला कडेवर घेऊन शाळेत नेलं मी. आता कमरेत तो दम राहिला नाही. सही करू नका, पण त्या बाईंशी बोला तरी."



"बोलतो," मिस्त्रीकाका म्हणाले.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी तपासणीच्या शेडमध्ये ती फोन उंच धरून उभी होती. पडद्यावर मिस्त्रीकाका होते, कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालून. इकडून तपासनीसबाई विचारायच्या, ती मराठीत सांगायची, तिकडून उत्तर यायचं, ते ती बाईंना त्यांच्या भाषेत सांगायची.

"त्यांना म्हणावं, ब्रेकच्या पायपट्टीला दांडा जोडलाय तिथं बघा. दोन बोल्ट दिसतील, खाली लॉक वॉशर, बोल्ट फिरू नये म्हणून."

बाई बॅटरी घेऊन पाठीवर आडव्या झाल्या. "दिसले. वेल्डिंग का नाही केलं?"

"वेल्डिंग सुटायचं झालं तर सांगून सुटत नाही," मिस्त्रीकाका म्हणाले. "बोल्ट ढिला झाला की आधी वाजतो."

हे सांगितल्यावर स्टिअरिंगखालून हसण्याचा आवाज आला. मग बाईंनी तिला गाडीत बसवलं, चाकं ब्रेक तपासायच्या यंत्राच्या फिरत्या रुळांवर घेतली आणि ब्रेक मारायला सांगितलं. तिनं दांडा पुढे ढकलला. यंत्रावरचा काटा हवा तिथं गेला. पुन्हा. पुन्हा तसाच. तिनं श्वास सोडला, तोच बाई म्हणाल्या, "वेग देणारी दोरी परत जागेवर आणायला स्प्रिंग एकच आहे. ती तुटली तर?"

तिनं ते मराठीत विचारलं.

"पंधरा वर्षांत तुटली नाही."

"तुटली तर, काका?" हे मात्र तिनं स्वतः विचारलं.

मिस्त्रीकाका बाजूला कुठेतरी बघत होते. "तुटली तर वेग कमी होणार नाही, ताई. ब्रेक आणि इंजिन भांडत बसतील."

घाटातले उतार, पावसातले पूल, मागच्या सीटवर झोपलेली आई, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

"दुसरी घाला," मिस्त्रीकाका म्हणाले. "मला सुचायला पाहिजे होतं. त्यांना तसं सांगा."

तिनं सांगितलं. बाईंनी एकवार पडद्याकडे बघून मान लववली. मग पट्टी घेऊन दांड्याची मापं घेतली आणि आरेखन स्वतःच काढलं. "मागच्या गल्लीत एक वर्कशॉप आहे. तिथं दुसरी स्प्रिंग बसवा. तिथला माणूस सगळं काम तपासून या कागदावर सही करेल. त्याला परवाना आहे."

मिस्त्रीकाकांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला, आणि थोडा पडलासुद्धा.

एकोणनव्वदाव्या दिवशी स्प्रिंग बसली, सही झाली. नव्वदाव्या दिवशी दुपारी तिच्या हातात इथल्या नंबराच्या दोन पाट्या आल्या. विमा कंपनीत पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी कायमच्या विम्याचा अर्ज भरताना विचारलं, "गाडीत काही बदल केलेत?" ती म्हणाली, "हो, केलेत," आणि आरेखन पुढे सरकवलं. त्यांनी शिक्का मारला.

बाहेर आई गाडीत बसून होती. ती दार उघडून आत बसते न बसते तोच मिस्त्रीकाकांचा फोन आला.

"झालं का, ताई?"

"झालं. काका, त्या दिवशी मी जे बोलले..."

"राहू द्या ते. ऐका. मी आजवर असल्या एकतीस गाड्या केल्यात. कालपासून सगळ्यांना बोलावतोय, दुसरी स्प्रिंग घालायला."

"येताहेत का?"

"येताहेत. पण चौघांचा पत्ता लागत नाही. गाव सोडून गेलेत, नंबर बदललेत. दोघं तर परदेशात, तुमच्यासारखेच."

आई म्हणाली, "चल आता घरी, पोटात कावळे ओरडताहेत." पण तिनं फाइलमधून एक कोरा कागद ओढला आणि स्टिअरिंगवर धरला.

"नावं सांगा," ती म्हणाली. "ते आधी कुठं कामाला होते, तेही सांगा."

मिस्त्रीकाका सांगत गेले, ती लिहीत गेली. मग गाडी सुरू न करताच तिनं यादीतल्या पहिल्या माणसाच्या जुन्या कामाच्या ठिकाणचा नंबर शोधून फिरवला.