गोकुळची तारेआ

"हं, घे आता," म्हणत गोकुळनं झाडू छातीशी धरला आणि लग्नातल्या फोटोला उभं राहावं तसा दिवाणापुढं ताठ उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून पाडलेला भांग. झाडू तेवढा ओवीनं, त्याच्या लेकीनं, आणून हातात दिला होता.

वंदनानं मोबाइल धरला, पण बटण काही दाबलं नाही.

"तुम्ही कधी घर झाडलं?"

"दोन मिनिटाचं काम हाय. तुह्या त्या पुण्याच्या मॅडमले काय समजते?"

स्पॅनिशचा क्लास खरं तर ओवीसाठी लावला होता. पोरगी आठवड्यात कंटाळली आणि भाकरी थापता थापता ऐकणारी तिची आईच त्यात रमली. दुसरबीड गावातल्या स्वयंपाकघरात, फोन डब्याला टेकवून. पुण्याच्या शैलजा मॅडम तिला 'शाबास वंदना' म्हणायच्या. दुसरं कोण म्हणत होतं?

या खेपेचा शब्द होता तारेआ. शाळेचा अभ्यास तोही तारेआ, घरचं काम तेही तारेआ. मॅडमनी सांगितलं, घरातल्या प्रत्येकाचं घरकाम स्पॅनिशमध्ये सांगत व्हिडिओवर दाखवा. आज संध्याकाळपर्यंत आला नाही, तर पुढच्या वर्गात बसता येणार नाही. ओवी कपडे वाळत घालते, ते झालं. वंदनाला स्वतःची कामं सांगता सांगता दम लागला. राहिला गोकुळ. कृषी केंद्र बंद करून घरी आल्यावर चहा पिणं, याला काही काम म्हणत नाहीत.

"मी खोटं नाही पाठवणार," ती म्हणाली.

"मग राहू दे. तसं बी तुले कोणत्या स्पेनले जायाचं हाय? बंद कर तो क्लास."

बंद कर! रेडिओ आहे का तो? दहावीनंतर तिच्या बापानंही असंच म्हटलं होतं आणि तिनं मुकाट्यानं दप्तर माळ्यावर टाकलं होतं. त्याचा राग तिला आज आला, इतक्या वर्षांनी.

"क्लास बंद नाही होत," ती म्हणाली. "उभे राहा नीट. घेते."

तिनं बटण दाबलं. गोकुळ छान हसला.

"एस्ते एस मि मारिदो," वंदना सावकाश बोलली. "एन कासा नो तिएने तारेआ."

तारेआ ऐकल्यावर गोकुळनं मान डोलावली आणि झाडू जरा वर उचलला. वंदनानं व्हिडिओ तिथल्या तिथं पाठवून दिला.

"काय म्हणली वं?"

"हे माझे मालक. घरात यांले काहीच काम नाही."

ओवीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"पाठोलं?"

"हाव."

"पुसून टाक."

"मॅडमनं पाह्यलं बी."

"लोकं काय म्हणतीन मले?"

"पुण्याच्या लोकायले काय समजते? तुम्हीच म्हणले ना."

रागारागानं गोकुळ झाडू ठेवायला वळला. दाराआड बघितलं. मोरीपाशी गेला, तिथून पलंगाखाली वाकला आणि कोपरान्‌कोपरा हिंडून परत आला. जन्म याच घरात गेला होता त्याचा.

"कुठी ठेवतेत वं हा?" त्यानं हळूच विचारलं.

ओवी सांगणार होती. वंदनानं तिचा हात दाबला.