रानगुलाबाला काय लागतं

“वहिनी, आधी ऐकून घ्या,” म्हणत दीर फाटकातच आडवा आला. हातात कोयता, मनगटापर्यंत ओरखडे.

रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. कुंपणालगतचा रानगुलाब जमिनीसरसा छाटलेला होता. फांद्यांचा ढीग भिंतीशी पडला होता. त्यावरच्या कळ्या अजून टवटवीत होत्या.

“व्हॅन आत घेताना रोज ओरबाडायचा हो. आत्ताच नवा रंग दिलाय. आणि जंगली तर आहे, येईल परत. त्याला काय लागतंय?”

ती त्याला वळसा घालून आत आली. पिशवी पायरीवर ठेवून तिथेच बसली.

नवरा गेल्यावर तिने आधी मोठ्या लाल फुलांचे कलमी गुलाब लावले होते. पण वॉर्डातून घरी यावं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं अंग पुसावं, चादर बदलावी, चूल सांभाळावी, तोवर डोळे मिटू लागत. पाणी घालायचं राहून जाई. गुलाब एकामागून एक वाळले. शेवटी रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्याने हे रोप हातात दिलं. “इथल्याच माळावरचं आहे, बाई. याच्याकडे बघूसुद्धा नका. तगेल.”

वर्षभर नुसती काटेरी काडी होती. मग बुंध्यातून धुमारे फुटले, कुंपणावर चढले आणि एका सकाळी ती कामावरून आली तर सगळं कुंपण पांढरं झालेलं. साधी, पाच पाकळ्यांची फुलं. पंधरवडाभर टिकायची, मग पुढच्या बहरापर्यंत काटेच. पण तेवढे दिवस ती घरात शिरण्याआधी पायरीवर टेकायची. तेवढाच वेळ तिला कुणी हाक मारत नसे.

यंदाच्या कळ्या उमलायच्या बेतात होत्या.

“रागावलात?” दिराने विचारलं.

“नाही. दमलेय.”

“मग चहा टाकता का जरा? आईपण केव्हाची हाका मारतेय.”

ती उठली. पिशवीतल्या बाटलीत उरलेलं पाणी तिने छाटलेल्या बुंध्यावर ओतलं.

“भाऊजी, आज आईंचं तुम्ही बघा.”

“मी? मला कुठे जमतंय ते?”

“मला तरी कुठे जमत होतं?”

“अहो, पण तुम्ही आजवर कधी...”

“कधी काही मागितलं नाही. म्हणून काही लागत नाही असं नाही. मलाही झोप लागते, भाऊजी.” तिचा आवाज चढला नव्हता. खोलीत जाऊन तिने आतून कडी लावली.

दुपारी जाग आली ती सासूच्या आवाजाने.

“अरे, तोंडात घाल, हनुवटीवर काय सांडतोस! आधी डोकं वर घे. तुझी वहिनी उशी लावते मागे.”

“कशी लावते ते सांग ना मग!”

तिने दार किंचित उघडलं. दीर स्टुलावर बसला होता, सदरा पुढून भिजलेला. चमच्यावर फुंकर घालून तो आईला भरवत होता. चादर उलटी घातली होती आणि पाठीखाली जाड चुणी पडली होती. पाठ सोलवटेल, तिला वाटलं. पाऊल आपोआप पुढे निघालं. तिने चौकट धरली.

“तिला बोलाव,” सासू म्हणाली. “काहीतरी टोचतंय मला.”

“झोपल्यात त्या. झोपू दे.”

त्याने वाटी खाली ठेवली, आईला अलगद कुशीवर वळवलं आणि पाठीखाली हात घालून चुणी चाचपडत शोधू लागला.

वहिनीने आवाज होऊ न देता दार लोटलं. पलंगावर पडून ती बराच वेळ उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत राहिली.