बाथरूमच्या काचा

"भाभी, गिझर लावला की बाथरूममध्ये डोकं गरगरतं," असं सविता थंडीच्या सुरुवातीलाच म्हणाली होती. अदिबानं तेव्हा उडवून लावलं होतं, "उपाशीपोटी आंघोळ करू नकोस."

आज भाडेकरू सविताचं सामान टेम्पोत चढत होतं. तिचा नवरा दिनेश याला ओझरला काम मिळालं होतं, आणि तिथल्या घरमालकाला द्यायचं डिपॉझिट इथून परत मिळणाऱ्या डिपॉझिटमधूनच भागणार होतं. अदिबा वरच्या मजल्यावर फिरून त्यातून काय कापायचं ते बघत होती. भिंतीत खिळ्यांची भोकं. राहत्या घरात ती पडणारच. नळ गळका, तो जुनाच होता. बाथरूममध्ये मात्र ती थबकली. झरोक्याच्या काचपट्ट्या गायब.

"याचे कापावे लागतील, सविता."

"कापा. पण फुटल्या नायत हां, माळ्यावर पेपरात बांधून ठेवल्यात." सविता हसली. "तुमचं ऐकून चार पोळ्या खाऊन आंघोळीला गेले, तरी चक्कर आलीच. मग काढल्या काचा. तेव्हापासून बरंय. का, ते नाय माहीत."

का, ते अदिबाला माहीत होतं. कोंडलेल्या जागेत गिझरचा गॅस जळला की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. बी.एस्सी.ला यावर तिनं मार्कही मिळवले होते.

खाली तिच्या स्वतःच्या घरातही तसलाच गिझर. आणि लहानग्या लेकीला, आयतला, सर्दी नको म्हणून झरोक्यावर काल पुठ्ठा लावला होता तो तिनंच. आत्ता सासूबाई आयतला न्हाऊ घालत होत्या.

ती धडपडत जिना उतरली. दार ठोकलं. आतून फक्त पाण्याचा आवाज.

"अम्मी, दार उघडा. अम्मी."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. सासूबाई भिंतीला टेकलेल्या. "डोकं जड झालंय गं जरा." त्यांच्या खांद्यावर आयतनं मान टाकलेली. अदिबानं दोघींना ओढतच अंगणात आणलं. मोकळ्या हवेत आयतनं भोकाड पसरलं, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. तरी दिनेशनं रिक्षा आणली आणि सगळे दवाखान्यात जाऊन आले. दोघी ठीक होत्या.

परतल्यावर अदिबानं डिपॉझिट पूर्ण सविताच्या हातात ठेवलं.

"अन् काचांचे, भाभी?"

"त्या आता बसवायच्याच नाहीत. गिझरही बाहेर काढतेय, वरचा आणि खालचा."

त्या दिवसापासून कुणाच्याही घरी गेली, की अदिबाची नजर आधी झरोक्याकडे जाते. तुमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल आणि आत्ता कुणी आत असेल, तर हे बाजूला ठेवा. उठा, एक हाक मारा, आणि ओ येईपर्यंत दारापासून हलू नका.