अण्णा नावाचं कासव

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. सभागृहातल्या भिंतीएवढ्या पडद्यावर एक हिरवं कासव आग ओकणाऱ्या सरड्यापुढे ठाण मांडून बसलं होतं, आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: अण्णा.

"हे काय गं?"

"कासवाचं नाव," शेजारी बसलेली धाकटी लेक म्हणाली. "या खेळात प्रत्येक जण आपापल्या संघातल्या प्राण्यांना नावं देतो."

"माझं?"

"जगात तुम्ही एकटेच अण्णा आहात होय?" म्हणाली खरी, पण हसू काही तिला दाबता येईना.

तेवढ्यात खाली टेबलाशी बसलेली ती पाठ अण्णांना दिसली. उजवा खांदा किंचित वर, मान पुढे. त्यांचा थोरला लहानपणी दुकानात भिंग लावून बसायचा, तो अस्साच. व्हिडिओ गेमच्या या स्पर्धेत लेकीचा सामना बघायला म्हणून त्यांना आणलं होतं. ती सकाळी पहिल्याच फेरीत गारद झाली, तरी घरी निघायचं नाव घेत नव्हती. ते यासाठी तर!

"फसवलंस मला."

"हो," धाकटी शांतपणे म्हणाली. "बसा आता."

उठून जायचं अण्णांच्या मनात होतं. थोरल्याने बापाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान सोडून मोबाइल दुरुस्तीचं काम धरलं, तेव्हा ते म्हणाले होते, "या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर परत येऊ नकोस." पोरगाही बापाच्याच वळणावर गेलेला, आला नाही. तेव्हापासून घरात त्याचं ताट वाढलं जात नव्हतं आणि त्याचा विषयही निघत नव्हता. अण्णांच्या मनातून मात्र तो एक दिवस हलला नव्हता. पण आधी बोलायचं कोणी?

पडद्यावर सरड्याने आगीचा लोळ सोडला.

"अण्णा कवचात शिरले!" निवेदक ओरडला, आणि सगळं सभागृह हसलं.

"हुबेहूब," धाकटी पुटपुटली.

कासवाचं बळ दाखवणारी पट्टी लाल झाली. अण्णा नकळत खुर्चीच्या कडेवर आले.

"अरे, मरेल ते! हलव ना त्याला, गाढवा!"

"परत बोलावता येतं," धाकटी म्हणाली. "पण त्यात दादाची पाळी जाते. समोरच्याचा एक वार मुकाट खावा लागतो. उलट मारता येत नाही."

"हा कुठला न्याय?"

"परत बोलवायचं तर तेवढं सोसायचं, अण्णा. सकाळी मी तिथंच हरले. मला प्रत्येक वाराला लगेच उत्तर द्यायचं असतं." ती जराशी थांबली. "आपल्या घराण्याचा रोगच आहे तो."

थोरल्याने कासव मागे घेतलं. त्याच्या जागी आलेल्या चिमुकल्या पाखराने वार झेलला आणि ते कोसळलं. पुढे पुन्हा तेच. कासव वाचलं, घुबड गेलं. शेवटी कासव एकटंच उरलं, समोर दोन धट्टेकट्टे, आणि मग व्हायचं ते झालं.

"ते कासव संघातून काढ म्हणून किती वेळा सांगितलं त्याला," धाकटी म्हणाली. "ऐकेल तर शपथ!"

 कठडा धरून अण्णा पायऱ्या उतरले आणि टेबलाशी जाऊन उभे राहिले. थोरला वायर गुंडाळत होता.

"घरी चल," अण्णा म्हणाले.

त्याने मान वर केली नाही. "का? दुकान उघडायला माणूस मिळेना वाटतं?"

वर्मी लागलं. उत्तर तर जिभेवर तयार होतं, चांगलं धारदार; असल्या बोलण्याला अण्णांनी आजवर कधी उधारी ठेवली नव्हती. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि ते उत्तर गिळून टाकलं.

थोरला वाट बघत होता. हातातली वायर अर्धवट गुंडाळलेली. काहीच येईना, तेव्हा त्याने वर पाहिलं. आधी बापाकडे, मग मागे येऊन उभ्या राहिलेल्या बहिणीकडे.

"यांना हा खेळ कोणी शिकवला?"

धाकटीने नुसते खांदे उडवले. थोरल्याने वायर पिशवीत कोंबली आणि खुर्ची मागे सारली.